भातावरील नाकतोड्याची अंडी: सुप्तावस्था आणि उबवण यांच्या नऊ महिन्यांच्या नोंदी

भातावर येणारा मोठा नाकतोडा (हायरोग्लिफस बॅनियन) वर्षातून एकच पिढी घेतो. मादी ऑक्टोबर-नोव्हेंबरात बांधाच्या मातीत अंडी घालते आणि पिल्ले थेट पुढच्या पावसाळ्यात बाहेर पडतात. मधल्या सात महिन्यांत अंडी नेमकी कशासाठी थांबलेली असतात, ती प्रयोगशाळेत लवकर उबवता येतात का आणि त्यासाठी ओल, उष्णता व काळ यांची कोणती मांडणी करावी लागते, हे पाहण्यासाठी तृतीय वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना घेऊन मी हे काम केले. महाविद्यालय रायगड जिल्ह्यात आहे, विभागात इनक्युबेटर नाही आणि निधीही नव्हता. ज्यांना हेच काम करायचे आहे त्यांचा आमच्याइतका वेळ वाया जाऊ नये, म्हणून नोंदी जशा लिहिल्या तशाच, चुकांसह, येथे देत आहे.

८ ऑक्टोबर २०२३

माणगाव तालुक्यातील एका ओळखीच्या शेतकरीकाकांच्या खाचरांतून हातजाळीने नाकतोडे धरले. पाठीच्या ढालीवर तीन काळ्या आडव्या रेषा असलेलेच तेवढे ठेवले. २२ माद्या आणि १४ नर मिळाले. जुन्या पुस्तकांच्या कपाटाला मच्छरदाणीचे कापड लावून पिंजरा केला, खाद्य म्हणून भाताची पाने व बांधावरचे गवत ठेवले आणि अंडी घालण्यासाठी ओल्या वाळूचे पेले मांडले. वाळू एका विद्यार्थ्याने मुरूडच्या किनाऱ्यावरून आणली होती. ती बारीक, स्वच्छ आणि एकसारखी दिसली म्हणून मी तिचे कौतुकही केले.

निघताना काका म्हणाले, "सर, पहिला पाऊस पडून पंधरा-वीस दिवस झाले की यांची पोरं बांधावर नाचायला लागतात." मी ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले आणि नंतर आठ महिने ते पान उलटून पाहिले नाही.

१४ ऑक्टोबर

पहिली चूक पेल्यांची निघाली. चहाचे कागदी पेले घेतले होते आणि त्यांत वाळू जेमतेम ५ सेंटिमीटर बसत होती. मादी पोटाचे टोक ताणून मातीत खोल घालते आणि तळाशी अंडी रचत वर येते. तिला तळ लागला की ती पोट बाहेर काढते व दुसरी जागा शोधते. दोन माद्यांनी वैतागून अंडी वाळूच्या पृष्ठभागावरच टाकली होती आणि ती दुपारपर्यंत वाळून गेली. पेले काढून १२ सेंटिमीटर खोलीच्या, चिवड्याला वापरतात तशा प्लॅस्टिकच्या बरण्या ठेवल्या. त्याच रात्री तीन माद्या बरण्यांत पोट खुपसून बसलेल्या दिसल्या.

२१ ऑक्टोबर

माद्यांवर विसंबून राहू नये म्हणून बांधावरून थेट अंडीपुंज आणण्याचे ठरवले. कुदळीने बांधाची कड सुमारे ५ ते ८ सेंटिमीटर खोल हलक्या हाताने सोलत गेलो आणि तीन तासांत १८ पुंज मिळाले. पुंज म्हणजे मादीने सोडलेल्या फेसाने आणि मातीने बनलेली, वाळल्यावर टणक होणारी नळी असते. तिच्या तळाशी तांदळाच्या दाण्यांसारखी पिवळी अंडी रचलेली असतात आणि वरच्या भागात फेसाचे बूच असते. यांतले ७ पुंज ओल्या वाळूत ठेवले, ११ बाजूला ठेवले.

एक सूचना येथेच देतो. पुंज उचलताना बूच कोणत्या बाजूला आहे ते पाहून वरच्या टोकाला स्केचपेनने ठिपका द्यावा. आम्ही पहिले सहा पुंज टोपलीत आडवे टाकले आणि घरी आल्यावर वर-खाली ओळखण्यात एक संध्याकाळ घालवली. पिल्ले बुचातूनच वर येतात. पुंज उलटा ठेवला तर ती तळाच्या कवचाशी धडका देऊन मरतात.

२६ ऑक्टोबर

पिंजऱ्यातील बरण्यांत ९ पुंज जमा झाले होते. त्यांतला एक सहज उघडून पाहिला, तर सर्व अंड्यांना खड्डे पडले होते. वाळू ओली होती, बरणी सावलीत होती, तरी अंडी पाण्याविना असल्यासारखी सुकली होती. दुसरा पुंज उघडला, तोही तसाच. शेवटी वाळू ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळून गाळली आणि गाळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले. परीक्षानळी दह्यासारखी पांढरी झाली. वाळू खारी होती, आणि खारे पाणी अंड्याला पाणी देत नाही, उलट त्याच्यातलेच ओढून घेते. प्राणिशास्त्राच्या शिक्षकाला हे समुद्राची वाळू पाहताक्षणी सुचायला हवे होते.

नऊ पुंज आणि अठरा दिवस गेले. त्यानंतर नदीची वाळू आणली, ती चहाच्या गाळणीने चाळली, नळाच्या पाण्याने सात-आठ वेळा धुतली, शेवटच्या धुण्याची सिल्व्हर नायट्रेटने तपासणी केली आणि प्रेशर कुकरमध्ये अर्धा तास वाफवली. १०० ग्रॅम कोरड्या वाळूला ९ मिलिलिटर पाणी, हे प्रमाण ठरवले. मुठीत दाबल्यावर वाळूचा लाडू वळावा, पण बोटांना पाणी लागू नये, इतकी ती ओल असते.

१३ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सुट्टीत पाणी घालायला महाविद्यालयात गेलो, तर बांधावरून आणलेल्या पुंजांच्या बरणीत पिल्ले उड्या मारत होती. सात महिने झोपणारी अंडी २३ दिवसांत उबली, म्हणजे सुप्तावस्था केवळ सतत ओल दिल्याने मोडते, असा निष्कर्ष मी उभ्याउभ्याच काढला आणि दोन्ही विद्यार्थ्यांना तसे कळवलेही.

२ डिसेंबर

तो निष्कर्ष मागे घ्यावा लागला. पिल्ले गवतावर वाढवत ठेवली होती. तिसऱ्या कातीनंतर प्रत्येकाच्या डोळ्यामागून छातीवर जाणारा तपकिरी पट्टा स्पष्ट दिसू लागला. हा आमचा नाकतोडा नव्हे, तर त्याच खाचरांत राहणारा, आकाराने लहान असलेला ऑक्सिया. त्याच्या वर्षात एकाहून अधिक पिढ्या होतात, त्यामुळे त्याची अंडी ओल मिळताच उबली यात काहीच नवल नव्हते. सातपैकी पाच पुंज त्याचेच निघाले.

याचा अर्थ असा की बांधावरचे पुंज घेऊन केलेल्या प्रयोगाला, जातीची खात्री नसेल तर, काडीचीही किंमत नाही. पुंजाच्या आकारावरून जात ओळखता येते असे मला वाटत होते, परंतु निदान माझ्या डोळ्यांना ती ओळखता आली नाही. यापुढे मुख्य प्रयोग फक्त पिंजऱ्यातील, जात ठाऊक असलेल्या माद्यांनी घातलेल्या अंड्यांवर करायचा आणि बांधावरचे पुंज उपकरणांची चाचणी घेण्यापुरते वापरायचे, असे ठरले.

१० डिसेंबर

नदीच्या वाळूत २८ ऑक्टोबर ते २० नोव्हेंबर या काळात २७ पुंज मिळाले. शेवटची मादी २४ नोव्हेंबरला मेली. सर्व पुंज घातल्यापासून किमान २० दिवस ओल्या वाळूत राहतील असे पाहिले, कारण शेतातही ऑक्टोबरच्या अखेरीस बांधात पावसाची ओल शिल्लक असते आणि अगदी ताजे अंडे लगेच कोरडे पाडणे ही निसर्गात न घडणारी गोष्ट ठरली असती. एका पुंजात साधारण ३० ते ४० अंडी आहेत.

वाटणी अशी केली. पहिल्या गटात ५ पुंज असून ते ३० अंशांवर सतत ओले ठेवायचे. दुसऱ्या गटातील ५ पुंज ६० दिवस कोरडे ठेवून मग ओले करायचे. तिसऱ्या गटातील ५ सुमारे १०० दिवस कोरडे ठेवायचे. चौथ्या गटातील ४ पुंज ४५ दिवस फ्रिजमध्ये ८ अंशांवर ठेवून मग ३० अंशांवर आणायचे. पाचव्या गटातील ५ पुंज एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कोरडे ठेवायचे. उरलेले ३ पुंज उघडून पाहण्यासाठी राखले.

पेट्या मासळीवाल्याकडून घेतलेल्या थर्मोकोलच्या आहेत. प्रत्येकीत ४० वॉटचा बल्ब, स्वस्तातला डिजिटल थर्मोस्टॅट आणि तळाला पाण्याच्या चार भरलेल्या बाटल्या आहेत. बाटल्यांमुळे वीज गेली तरी तापमान हळू उतरते. बाटल्यांविना अर्ध्या तासाच्या भारनियमनात पेटी ५ अंशांनी खाली येत होती, बाटल्या ठेवल्यावर दीड अंशाने. बल्बला काळा कागद गुंडाळण्याचा मोह टाळावा. आम्ही तो गुंडाळला आणि तो करपला. बल्बवर पत्र्याचा डबा पालथा घालणे पुरेसे होते.

१५ डिसेंबर

"कोरडे ठेवणे" म्हणजे काय, याचा विचार मी केला नव्हता. बांधावरच्या दोन पुंजांवर चाचणी म्हणून त्यांना उघड्या बशीत ३५ अंशांच्या पेटीत ठेवले होते. पाच दिवसांत अंडी मनुकांसारखी झाली, आणि ओल्या गाळणकागदावर दोन दिवस ठेवूनही फुगली नाहीत, म्हणजे मेली.

एप्रिलमधला बांध वरून भाजलेला दिसतो, परंतु सात-आठ सेंटिमीटर खाली मातीच्या कणांमधली हवा बशीतल्या हवेइतकी कोरडी कधीच नसते. त्यामुळे दुसरा उपाय केला. पुंज असलेल्या वाळूतील पाणी १०० ग्रॅमला २ मिलिलिटरपर्यंत उतरू दिले आणि त्या बरण्या झाकण न लावता मोठ्या हवाबंद डब्यात ठेवल्या. डब्याच्या तळाशी खायच्या मिठाचे संपृक्त द्रावण आहे, तळाशी न विरघळलेले मीठ दिसेल इतके. अशा डब्यातील हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास आपोआप टिकते आणि तिला वीज लागत नाही. या संपूर्ण कामात पहिल्याच प्रयत्नात यशस्वी झालेली हीच एक गोष्ट.

२८ डिसेंबर

पहिल्या, सतत ओल्या गटातील दोन पुंजांवर हिरवट बुरशी आली. बाहेरून पुसून काही साधत नाही, कारण बुरशी फेसाच्या बुचातून आत शिरते. पुंज फोडून अंडी सुटी केली आणि बाजारातील सोडियम हायपोक्लोराइट चौपट पाणी घालून सौम्य केले. त्यात अंडी एक मिनिट बुडवून पाच वेळा धुवायची होती. एका बॅचच्या वेळी विभागात फोन आला आणि अंडी दहा मिनिटे आतच राहिली. परत येऊन पाहतो तर अंड्याचे बाहेरचे पिवळे कवच विरघळून गेले होते आणि आतला गर्भ काचेतून दिसावा तसा दिसत होता.

अंडी गेली, पण साधन हाती आले. हे तंत्र काही नवे नाही. आयोवा विद्यापीठातील एलिनर स्लायफर यांनी १९४५मध्येच नाकतोड्याच्या अंड्याचे कवच हायपोक्लोराइटने काढून गर्भ पाहण्याची रीत प्रसिद्ध केली होती. अंड्याच्या मागच्या टोकाशी पाणी शोषून घेणारा विशेष भाग असतो, हेही त्यांनीच १९३८मध्ये दाखवले होते. मी ते वाचलेले होते, तरी ते उपयोगात यायला एक चुकलेला फोन, खरे तर न चुकलेला फोन, कारणीभूत झाला.

पुढच्या दहा दिवसांत पहिल्या गटातील तिसराही पुंज बुरशीने गेला. तेव्हापासून झाकणाला सुईने आठ छिद्रे पाडली आणि पाणी अंदाजाने शिंपडण्याऐवजी दर सोमवारी बरणी तोलून, जेवढे वजन घटले असेल तेवढेच पाणी कडेने सोडले. त्यानंतर नव्याने बुरशी येण्याचे प्रमाण खूपच कमी झाले.

२४ जानेवारी २०२४

चौथा गट फ्रिजमधून काढला. थंडी देऊन सुप्तावस्था मोडण्याची कल्पना मी पाठ्यपुस्तकातून उचलली होती. त्या पुस्तकातील नाकतोडे बर्फ पडणाऱ्या प्रदेशातले आहेत हे लक्षात घेतले नाही. माणगावच्या बांधात ८ अंश तापमान कोणत्याच महिन्यात होत नाही. ज्या किड्याला हिवाळा ठाऊक नाही, तो थंडीची वाट कशासाठी पाहील?

त्यात भर म्हणजे फ्रिज हवा कोरडी करतो, आणि बरण्यांच्या झाकणांना मी नुकतीच छिद्रे पाडून ठेवली होती. चारपैकी तीन पुंजांतील अंडी खड्डे पडून मेली होती. चौथ्यातील बरीच अंडी टपोरी होती, ती ३० अंशांवर ओली ठेवली. (त्यांतून मेअखेरपर्यंत एकही पिल्लू निघाले नाही.)

विद्यार्थिनीने विचारले की रेशीमकिड्याच्या अंड्यांना जसे गरम हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवतात तसे येथे करून पाहावे का. तेथे ४६ अंशांच्या आम्लात सुमारे पाच मिनिटे बुडवून सुप्तावस्था टाळली जाते, पण ते अंडी घातल्यावर ठरावीक तासांतच करायचे असते. आमची अंडी तीन महिन्यांची झाली होती, म्हणून तो विचार सोडला.

८ फेब्रुवारी

दुसऱ्या गटाला पाणी दिले. तीन पुंज ३० अंशांच्या आणि दोन २५ अंशांच्या पेटीत ठेवले. पाणी देण्यापूर्वी व नंतर दहा-दहा अंडी तोलली. सहा दिवसांत त्यांचे वजन जवळजवळ दीडपट झाले आणि खड्डे भरून आले. म्हणजे पाणी आत जात होते, यात शंका राहिली नाही.

२६ फेब्रुवारी

पहिल्या गटातील उरलेल्या दोनांपैकी एक पुंज उघडला. तीन महिन्यांहून अधिक काळ ओल आणि ३० अंश उष्णता मिळूनही अंडी उबली नव्हती. हायपोक्लोराइटमध्ये पारदर्शक केल्यावर आत जिवंत, नितळ गर्भ दिसला, पण तो अंड्याच्या अर्ध्याहून कमी जागेत आखडून बसलेला होता. राखीव पुंजांतील एकातील अंडी १२ डिसेंबरला पाहिली होती, त्यातील गर्भ आणि हा गर्भ यांत मला फरक करता आला नाही.

या दिवसापर्यंत आमच्या वहीत "उबले नाही" असा एकच शेरा होता. तो खोडून तीन शेरे केले. कोरड्यात खड्डे पडलेले आणि ओल्या गाळणकागदावर ४८ तासांत टपोरे होऊन वाढीला लागणारे अंडे तहानलेले असते. पाणी पिऊन टपोरे झालेले, रंगाने स्वच्छ पिवळे, तरीही आत गर्भ जागचा न हलणारे अंडे खऱ्या अर्थाने सुप्त असते. तपकिरी पडलेले, बोटाखाली मऊ लागणारे किंवा आतून गढूळ दिसणारे अंडे मेलेले असते. बाहेरून ही तिन्ही सारखीच शांत दिसतात, आणि त्यांना वेगळे न करता काढलेल्या उबवणीच्या टक्केवारीतून काहीच कळत नाही. दर पंधरवड्याला प्रत्येक गटातील तीन अंडी खर्ची घालून आत पाहायचे, असा नियम केला. अंडी कमी होतात याची हळहळ वाटते, पण न पाहता ठेवलेल्या अंड्यांचा उपयोग त्याहून कमी आहे.

११ मार्च

२५ अंशांची पेटी कधीच २५ अंशांवर नव्हती, हे आज उघड झाले. आमच्या पेट्या तापवू शकतात, थंड करू शकत नाहीत. मी रोज सकाळी आठ वाजता तापमान लिहीत होतो आणि ते बरोबर २५ भरत होते. उच्चतम-नीचतम तापमापक आणून ठेवल्यावर कळले की दुपारी पेटीत ३१ अंश होतात. त्यामुळे २५ आणि ३० अंशांची तुलना रद्द करून दुसऱ्या गटाचे पाचही पुंज एकत्र मोजायचे ठरवले. तळमजल्यावरील खिडकी नसलेल्या कोठीत माठाशेजारी पेटी ठेवून पाहिली. तेथेही २८ अंशांखाली उतरता आले नाही, कारण कोकणातल्या दमट हवेत माठालाही मर्यादा असते.

१७ मार्च

दुसऱ्या गटातून आज, पाणी दिल्यापासून ३८व्या दिवशी, पहिली दोन पिल्ले निघाली. पिवळसर अंगावर लालसर तपकिरी ठिपके असल्याने या वेळी जातीबद्दल शंका नव्हती. पुढचे पाच आठवडे मधूनमधून एखाददुसरे पिल्लू निघत राहिले आणि सुमारे १७० अंड्यांतून एकूण ११ पिल्ले मिळाली.

२० मार्च

तिसऱ्या गटाला, १०१ कोरड्या दिवसांनंतर, पाणी दिले. तीन पुंज ३० अंशांवर आणि दोन ३५ अंशांवर ठेवले.

३ एप्रिल

३५ अंशांच्या पेटीतील थर्मोस्टॅटचा रिले, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा खटका, रात्री चिकटला. बल्ब बंदच झाला नाही आणि सकाळी पेटीत ४७ अंश होते. दोन्ही पुंज शिजले. २२० रुपयांच्या वस्तूवर पाच महिन्यांचे काम टांगून ठेवले होते. आता प्रत्येक पेटीत दोन थर्मोस्टॅट एकामागे एक जोडले असून दुसरा ३८ अंशांवर वीज तोडतो. हे पहिल्याच दिवशी करायला हवे होते. ज्यांना खर्च वाढवायचा नाही त्यांनी निदान बल्ब १५ वॉटचा लावावा, म्हणजे तो अडकला तरी पेटी मारक तापमानाला सहसा पोचत नाही.

८ एप्रिल

तिसऱ्या गटातील उरलेल्या तीन पुंजांतून पिल्ले निघू लागली. हा १९वा दिवस. पुढील बारा दिवसांत ९६ अंड्यांतून ५३ पिल्ले निघाली. दुसऱ्या गटातील तुरळक उबवणीच्या तुलनेत हा फरक इतका ठळक होता की पाडव्याच्या सुट्टीच्या दिवशी दोन्ही विद्यार्थी न बोलावता मोजायला आले.

एका पुंजात वाळूवर कडक खपली तयार झाल्याने सहा पिल्ले पृष्ठभागाखालीच मेलेली आढळली. अंड्यातून निघणारा जीव आधी अळीसारखा, पाय आवळलेला असतो आणि तो वळवळत वर येतो. वरची वाळू घट्ट झाली असेल तर त्याला ती फोडता येत नाही. पंधराव्या दिवसानंतर वरचा अर्धा सेंटिमीटर थर टाचणीने दररोज मोकळा करावा.

२० एप्रिल

पाचव्या गटाला १३२ कोरड्या दिवसांनंतर पाणी दिले. बांधावरच्या उरलेल्या ९ पुंजांनाही आजच पाणी दिले. सर्व बरण्या ३० अंशांवर आहेत.

८ मे

काल आमच्या मतदारसंघात लोकसभेचे मतदान होते. निवडणुकीच्या कामामुळे मी ६ आणि ७ तारखेला बाहेर होतो आणि दोन्ही विद्यार्थी परीक्षा संपवून गावी गेले होते. आज सकाळी पाहिले तर पाचव्या गटाच्या बरण्यांत पिल्लांची गर्दी झाली होती, काही कोमेजून मेली होती, आणि झाकणाच्या कडेतून निसटलेली कितीतरी पिल्ले पेटीभर पसरली होती. ५ तारखेला, म्हणजे १५व्या दिवशी, मी स्वतः चार पिल्ले मोजली होती. त्यानंतरचे दोन दिवस कोरे.

एकूण आकडा मात्र वाचला. पिल्लू पृष्ठभागावर येताच पहिली पांढरी कात टाकते आणि ती चुरगळलेल्या कागदाच्या कपट्यासारखी वाळूवर पडून राहते. भिंगाखाली चिमट्याने त्या काती उचलून मोजल्या. आजपर्यंत १०९ भरल्या, आणि पुढील चार दिवसांत आणखी १७ पिल्ले निघाली. पाच पुंजांत, मधल्या तपासणीत खर्ची पडलेली वगळून, १५१ अंडी होती. पुढे कोणालाही सांगेन की पिल्ले उडतात, निसटतात, एकमेकांना कुरतडतात, म्हणून त्यांच्याऐवजी कातीच मोजाव्यात.

२० मे

बांधावरच्या ९ पुंजांपैकी तिघांतून पिल्लांऐवजी मुंगीएवढ्या काळ्या गांधीलमाश्या निघाल्या. या सेलिओ वंशातील परजीवी माश्या नाकतोड्याच्याच अंड्यांत वाढतात. एका पुंजात अंड्यांच्या जागी हिंगे भुंगेऱ्याची अळी बसलेली होती आणि तिने आतले सर्व खाऊन टाकले होते. म्हणजे बांधावरचे पुंज वापरून उबवण मोजली असती, तर या चार पुंजांना मी "सुप्त" म्हटले असते.

आता या कामातील सर्वांत मोठी त्रुटी लिहितो. दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या या तिन्ही गटांत जितके दिवस कोरडे गेले तितकी उबवण लवकर आणि एकदम झाली, असे आकडे सांगतात. पण अधिक दिवस कोरडी राहिलेली अंडी अधिक वयाचीही होती. कोरडेपणाने सुप्तावस्था सरते की नुसता काळ जावा लागतो, हे या मांडणीतून ठरत नाही. ते पहिल्या गटाने ठरवले असते, कारण ती अंडी तेवढ्याच वयाची पण सतत ओली होती. त्या गटातील तीन पुंज बुरशीने गेले, चौथा मी उघडला आणि पाचवा एप्रिलमध्ये कुजला. सर्वांत कंटाळवाणा वाटणारा गट मी सर्वांत निष्काळजीपणे सांभाळला आणि नेमका तोच लागणार होता.

खर्चाचा हिशेब असा आहे. तीन थर्मोकोल पेट्या ३०० रुपये, थर्मोस्टॅट नंतरच्या चारांसह सात नग १,५४० रुपये, बल्ब व होल्डर २७० रुपये, आर्द्रतामापक ६०० रुपये, चाळीस बरण्या ४८० रुपये, जाळीचे कापड १५० रुपये आणि पेट्रोल सुमारे १,१०० रुपये. एकूण ४,४४० रुपये झाले. रसायने विभागातीलच वापरली. वेळेचे मोजमाप करायचे तर खाऱ्या वाळूने अठरा दिवस, ऑक्सियाने तीन आठवडे आणि माझ्या २५ अंशांच्या भ्रमाने एक महिना घेतला.

९ जून

रात्री पहिला जोरदार पाऊस झाला. सकाळी काकांच्या बांधावर जाऊन आठ ठिकाणी काठ्या रोवल्या. कुदळीने सोलून पाहिले तर पाणी सात सेंटिमीटरपर्यंत मुरले होते. पाच पुंज मिळाले. त्यांतली काही अंडी तेथेच हायपोक्लोराइटमध्ये टाकून पाहिली. गर्भ आखडलेलाच होता.

२७ जून

काकांचा निरोप आला म्हणून गेलो. आठपैकी सहा काठ्यांजवळ पिवळसर, लाल-तपकिरी ठिपक्यांची पिल्ले होती आणि राबातील (भाताच्या रोपवाटिकेतील) रोपांच्या पातींना कडेने खाचा पडू लागल्या होत्या. पहिल्या पावसापासून हा १८वा दिवस. पेटीत एप्रिलच्या पाण्यानंतर १५ दिवस लागले होते, मार्चच्या पाण्यानंतर १९. वहीच्या मागच्या पानावरील ऑक्टोबरमधला शेरा आज मुख्य नोंदीत उतरवून घेतला.

राखीव तीन पुंजांपैकी एक अजून न उघडलेला आहे. तो मिठाच्या द्रावणावरील डब्यातच कोरडा ठेवला असून या पावसाळ्यात त्याला पाणी द्यायचे नाही. बरणीवर "एप्रिल २०२५पर्यंत हात लावू नये" अशी चिठ्ठी चिकटवली आहे. येत्या ऑक्टोबरात सतत ओल्या गटासाठी पाचऐवजी पंधरा पुंज घ्यायचे आहेत, आणि त्यांची वाळू दर आठवड्याला तोलण्याचे काम मी कोणावर सोपवणार नाही.